अठरा लाखांचं लिमिट आणि छप्पन लाखांची बी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. भांडण वगैरे काही नसतं, फक्त काजूची बी यायला लागलेली असते आणि पैसे आलेले नसतात. अंगणात टेम्पो येऊन थांबतो, बाजूच्या वाडीतला कोणीतरी चार गोणी उतरवतो, वजन होतं, आणि मग तो तिथेच उभा राहतो, कारण काजू बीचे पैसे रोख लागतात, उद्या देते म्हटलं तर तो गोणी परत चढवून पुढच्या वळणावरच्या व्यापाऱ्याकडे जाणार आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याची वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांतच यायची असते.

आमची काजू फॅक्टरी आहे, वेंगुर्ले आणि कुडाळच्या मधे. फॅक्टरी म्हणजे उगाच मोठं नाव, एक बॉयलर, कटिंगची मशीनं, एक ड्रायर आणि सोलायला नि ग्रेडिंगला बसणाऱ्या चौदा बायका. वर्षाला साधारण ४५ टन बी कापतो. गेल्या सीझनला ती सरासरी १२५ रुपये किलोने पडली, म्हणजे झाले ५६ लाखांच्या वर. चार किलो बीला एक किलो गर धरला तर ११ टनाच्या आसपास गर, आणि डब्ल्यू २४० (मोठा, अख्खा गर) पासून तुकड्यापर्यंत सगळं मिळून वर्षाची उलाढाल ९० लाख.

आणि बँकेचं सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी खात्यातून जास्तीत जास्त उचलता येतील ते पैसे, किती, तर १८ लाख.

हे १८ कुठून आले ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण लग्नाआधी मी चार वर्षं एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला होते आणि लोकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे धंद्याचे आकडे) वगैरे मीच टाईप करायचे. उलाढालीच्या २० टक्के. नव्वदचे वीस टक्के अठरा, कॅल्क्युलेटर पण लागत नाही. हा हिशोब नायक समितीचा, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा, छोट्या उद्योगांना खेळतं भांडवल मिळत नाही म्हणून नेमलेली समिती होती ती. तिने सांगितलं की उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरा, त्यातले ५ टक्के धंदेवाल्याने घालायचे आणि २० टक्के बँकेने द्यायचे. २५ टक्के का, तर माल घेतला, बनवला, विकला, पैसे आले हे चक्र तीन महिन्यांत फिरतं, वर्षातून चार वेळा, असं त्यात गृहीत आहे. बेकरीवाल्याचं त्याच्याही आधी फिरेल. पण काजूवाल्याचं? बी येते मार्च ते मे. पाऊस पडला की संपलं, नंतर मिळते ती भिजकी नाहीतर आफ्रिकेतून आलेली. त्यामुळे वर्षभर पुरेल एवढी बी त्या दहा-बारा आठवड्यांत घेऊन, उन्हात खणखणीत सुकवून गोडाऊनला भरावी लागते आणि त्यातली शेवटची गोण कापायला पुढचा फेब्रुवारी उजाडतो. आमचं चक्र वर्षातून एकदाच फिरतं, ते पण करकरत.

गंमत म्हणजे ते २० टक्के नायक समितीने कमीत कमी म्हणून सांगितले होते. चक्र मोठं असेल तर जास्त काढा, अशी मुभा आहे त्यात. पण शाखेत येईपर्यंत कमीत कमीचं जास्तीत जास्त होऊन जातं. कोण डोकं लावणार, कॉम्प्युटरमधे फॉर्म्युला भरलेला आहे.

त्यात अजून एक भर सांगते, बाहेरच्यांना माहीत नसते. शेतकऱ्याकडून बी घेतली की जीएसटी शेतकरी भरत नाही, रिव्हर्स चार्जमधे आम्हीच भरायचा, ५ टक्के, आणि तो रोखच भरायचा. नंतर गर विकताना सेट ऑफ होतो, बुडत नाही, पण गर विकणार दिवाळीला आणि टॅक्स भरायचा मे महिन्यात. म्हणजे जेव्हा रुपया रुपया गोळा करतोय बरोब्बर तेव्हाच पावणेतीन लाख बाहेर.

तर तीन वर्षांपूर्वी मी तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांना म्हटलं, सर, व्याज दोन टक्के जास्त लावा, तीन लावा, पण लिमिट ४० करा. (उद्यम रजिस्ट्रेशन माझ्या नावावर, सह्या माझ्या, पण साहेब उत्तर द्यायचे ते माझ्या नवऱ्याकडे बघून. तो बिचारा आढ्याकडे बघायचा.) साहेब हसले. म्हणाले, मॅडम, असं नसतं.

मला ते तेव्हा लई लागलं. कारण बाजारात तसंच तर असतं ना. वेंगुर्ल्याच्या बाजारात इसवण (सुरमई) कमी आली की भाव चढतो आणि जो चढा भाव देईल त्याच्या पिशवीत ती जाते. तिथे कोळीण कोणाला सांगत नाही की तुम्ही जास्त पैसे द्यायला तयार आहात म्हणून मला तुमचा संशय येतोय, तुम्हाला अर्धीच तुकडी मिळेल. बँकेत मात्र नेमकं हेच होतं. पैसा महाग होत नाही, फक्त मिळत नाही. रेशनच्या दुकानात रॉकेल असायचं तसं, भाव ठरलेला, पण कार्डावर पाच लिटरच, तुझ्या घरात कंदील किती आहेत ते विचारणार नाही.

अर्थशास्त्रात याला रेशनिंगच म्हणतात हे मला खूप नंतर कळलं. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाईस या दोघांनी १९८१ साली यावर एक निबंध लिहिला होता, स्टिग्लिट्झना पुढे २००१ मधे नोबेल मिळालं ते याच जातीच्या कामासाठी, म्हणजे व्यवहारात एकाला जे माहीत असतं ते दुसऱ्याला माहीत नसेल तर बाजाराचं काय होतं. त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगते. समजा बँकेने व्याज १० चं १८ केलं. मी काय करीन? हिशोब मांडीन, काजूत एवढं सुटत नाही म्हणून बी कमी घेईन किंवा बँकेकडे जाणारच नाही. पण ज्याने मनात आधीच ठरवलंय की जमलं तर फेडू नाहीतर बघू, त्याला अठरा काय नि चोवीस काय. म्हणजे व्याज वाढवलं की रांगेतून आधी सरळ माणसं उठून जातात. आणि राहिलेली सरळ माणसंही वाकडी व्हायला लागतात. समजा मी अठराने घेतलेच, तर जूनपासून थोडा थोडा गर विकत हप्ता भरायचं सोडून मी सगळा माल दिवाळीच्या भावासाठी दाबून बसेन, कारण तेवढा भाव आल्याशिवाय मला परवडणारच नाही, आणि भाव नाही आला तर? तर बँकेच्या बोकांडी. म्हणून बँक व्याज एका पातळीच्या वर नेतच नाही, त्यापेक्षा ती माणसं कमी करते, नाहीतर प्रत्येकाचा वाटा कमी करते.

हे वाचलं आणि मला आधी राग आला आणि मग थोडी लाज वाटली. लाज यासाठी की बँकेला माझ्याबद्दल काही कळत नाही याला मीही थोडा हातभार लावलाय. त्या चार वर्षांत मी जे प्रोजेक्ट रिपोर्ट टाईप केले ना, कोंबडीपालनाचे, चिरेखाणीचे, होमस्टेचे, आंबा कॅनिंगचे, ते सगळे एकाच फाईलमधून कॉपी केलेले असायचे. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०, विक्री वाढणारच, खर्च आटोक्यात राहणारच. डीएससीआर, म्हणजे हप्ता भरायला पुरेल एवढी कमाई आहे का त्याचं गुणोत्तर, ते दीडच्या वर यायला हवं असायचं, नाही आलं तर सर सांगायचे विक्री थोडी वाढव, आणि मी वाढवायचे. एकदा तर एका होमस्टेच्या रिपोर्टात कोंबड्यांची मरतूक ५ टक्के तशीच राहून गेली होती. बँकेतही कोणाच्या लक्षात आलं नाही, कर्ज पास झालं. आता सांगा, असे कागद रोज बघणाऱ्या माणसाने माझा खरा कागद कसा ओळखायचा?

आणि त्या माणसाचाही विचार करा. त्याने कर्ज दिलं आणि ते बुडालं, ९० दिवस हप्ता नाही आला की एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज, मग वरून चौकशी, कोणी दिलं, का दिलं, जागेवर बघायला गेला होतास का, निवृत्तीपर्यंत फाईल मागे लागते. पण त्याने चांगल्या माणसाला नाही म्हटलं तर? त्याला कोण विचारणार? माझी न घेतलेली ३० टन बी कुठल्याच रजिस्टरला दिसत नाही. मी त्या खुर्चीत असते तर मी पण नाहीच म्हटलं असतं, खरं सांगते.

मग तारण. कोकणात तारणाची गोष्ट काढूच नये. आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. त्यातली अकरा मुंबईत, चार देवाघरी, एक काका बडोद्याला आहेत असं ऐकून आहे. जमीन दोन एकर, त्यावर काजू आहे, कलमं आहेत, रस्त्याला लागून आहे, बाजारभाव काढला तर लिमिटच्या तिप्पट होईल, पण बँकेच्या दृष्टीने ती शून्य, कारण तेवीस जणांच्या सह्या झाल्याशिवाय बोजा चढवता येत नाही आणि तेवीस जण एकत्र येतात ते फक्त गणपतीला, तेव्हा जमिनीचा विषय काढला तर आरतीच्या आधीच भांडण. घाटावरच्या माझ्या मैत्रिणीचं चार एकर एकटीच्या नावावर आहे, तिला हा प्रॉब्लेम समजतच नाही. वाटप करून घ्या की, म्हणते. हो का बाई.

तारणाशिवाय कर्ज मिळतं की, असं कोणी म्हणेल. मिळतं, कागदावर. १० लाखांपर्यंत सूक्ष्म-लघु उद्योगांकडून तारण घेऊ नका असं रिझर्व्ह बँकेने २०१० मधेच बँकांना सांगितलं होतं. मोठ्या रकमेसाठी सीजीटीएमएसई आहे, सरकार आणि सिडबीने (छोट्या उद्योगांसाठीची बँक) २००० साली काढलेला गॅरंटी ट्रस्ट, त्याची मर्यादा वाढत वाढत आधी ५ कोटी आणि २०२५ पासून १० कोटींपर्यंत गेली. पण गॅरंटी सगळ्या रकमेची नसते, साधारण ७५ ते ८५ टक्क्यांची, बाई उद्योजक असेल तर थोडी जास्त. तिची वार्षिक फी आपल्याच खात्यातून जाते. आणि क्लेम मिळवायचा तर बँकेला आधी कोर्टकचेरी सुरू करावी लागते, कागद पूर्ण लागतात, एक तारीख चुकली की क्लेम अडकला. म्हणून मॅनेजर सीजीटीएमएसईत घालतो म्हणतो आणि जाता जाता हळूच विचारतो, मुंबईला फ्लॅट वगैरे आहे का कोणाचा?

एवढ्यात आमच्या चुलत दिराची गोष्ट. त्याची देवगडला कलमं आहेत. तो बँकेची पायरीच चढत नाही. मोहोर यायच्या आधीच वाशीच्या दलालाचा फोन येतो, किती पाठवू? फवारणीला, राखणीला, पेट्यांना, लागेल तसे पैसे येतात, कागद नाही, सही नाही, सातबारा नाही. व्याज विचारलं तर दलाल म्हणतो, आपल्यात कसलं व्याज. पण पेट्या त्यालाच द्यायच्या, आणि भाव तो सांगेल तो. व्याज नाय लावत, भाव लावता, असं दीर स्वतःच म्हणतो. मी एकदा त्याला बसवून हिशोब करून दाखवला की तू वर्षाला जवळजवळ तीस टक्क्यांनी पैसे वापरतोस, तर तो म्हणाला, "वयनी, पण तो रात्री धा वाजता पैशे धाडता. तुझी बँक धाडता?" काय बोलणार.

पण बघा, दलालाला जे जमतं ते बँकेला का जमत नाही? दलालाकडे काही जादू नाही. त्याला झाडं किती ते माहीत आहे, गेल्या दहा वर्षांत कुठल्या साली किती पेट्या आल्या ते त्याच्या वहीत आहे, बागायतदार दारू पितो का हे पण माहीत आहे, आणि मुख्य म्हणजे माल शेवटी त्याच्याच गाळ्यावर उतरणार आहे, म्हणजे वसुली आंबा विकायच्या आधीच झालेली. पिग्मीवाल्याचंही तसंच. आमच्या पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानात येतो, त्याला कुठल्या दुकानात गिऱ्हाईक कमी झालंय ते मालकाच्या बायकोच्या आधी कळतं. पतसंस्था मला १४ टक्क्यांनी देते, बँकेपेक्षा महाग, पण आठ दिवसांत देते. आणि सोनं तर काय, त्याला स्वभावच नसतो, काट्यावर ठेवलं की सगळी माहिती मिळाली. माझ्या पाटल्या गेली सहा वर्षं एप्रिलला बँकेत जातात आणि दिवाळीनंतर परत येतात. लग्नसराईत मी कायम नकली घालून. तीच बँक, तीच शाखा हं, एका काउंटरला मला ओळखत नाही आणि दुसऱ्या काउंटरला वीस मिनिटांत पैसे.

सगळ्यात जास्त चीड येते ती याची की शाखेत पैसा नाही असं मुळीच नाही. कोकण म्हणजे मनीऑर्डरवर जगलेला मुलूख, गिरणीतून यायच्या तेव्हापासून. आता मनीऑर्डर गेली, पण मुंबईहून रिटायर होऊन आलेल्यांचे फंडाचे पैसे, बोटीवर असलेल्या पोरांचे पैसे, सगळं एफडीत. आमच्या शाखेत सकाळी नऊ वाजल्यापासून काठी टेकत रांग असते ती पासबुक भरायला. ठेवी भरपूर, कर्ज थोडं, आणि उरलेला पैसा जिथे कर्ज मागणारे मोठे आणि कागद स्वच्छ तिथे जातो. ज्या जिल्ह्यात ठेवींच्या मानाने कर्ज ४० टक्क्यांपेक्षा कमी, तिथे कलेक्टरच्या समितीखाली वेगळी उपसमिती नेमायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम पण आहे. नेमतात, मीटिंगा होतात. चहा-बिस्किटांचा खप तरी वाढत असेल.

आणि रेशनिंगचं एक असं असतं की एकदा रांगेच्या बाहेर राहिलात की मदत आली तरी ती बाहेरूनच बघायची. २०२० मधे कोविडमधे सरकारने ईसीएलजीएस काढली, तारण न घेता जादा कर्ज, पूर्ण सरकारी गॅरंटी. पण कोणाला, तर २९ फेब्रुवारी २०२० ला ज्याच्या नावावर आधीच कर्ज चालू होतं त्याला, त्या दिवशी फेडायच्या राहिलेल्या रकमेच्या २० टक्के. आम्हाला मिळालं, थोडं. आमच्या समोर एक जण कोकम सरबत करतो, त्याने आयुष्यात कर्ज काढलं नव्हतं, त्याचा फार अभिमान होता त्याला. त्याला एक रुपया नाही.

बरं, मग आता आमचं काय. आम्ही दोन वर्षं एक गोष्ट हट्टाने केली, रोखीचा धंदा बंद. गोव्याचे पर्यटक येतात त्यांना क्यूआर कोड, व्यापाऱ्याला बिल, सगळं एकाच खात्यातून. नवऱ्याला मुळीच मान्य नव्हतं, टॅक्स वाढला, दोन जुने व्यापारी तुटले. दर महिन्याच्या दहा तारखेला बँकेला स्टॉक स्टेटमेंट, खरं, गोण्या मोजून. लोक हे अंदाजे भरतात, मी पण पूर्वी भरायचे.

आणि गेल्या वर्षी नवीन मॅनेजर आले, ओडिशाचे. मराठी नाही, मालवणी तर दूरच. मी म्हटलं संपलं. पण फाईल उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, रॉ नट उन्हात किती दिवस सुकवता? मी बघतच राहिले. त्यांचे मामा गंजामला काजूवाले, लहानपणी सुट्टीत तिथे बी राखायला बसलेले होते ते! शनिवारी दुपारी स्वतः गोडाऊनला आले, चप्पल काढून गोण्यांवर चढले, मूठभर बी घेऊन कानाशी हलवली, एक दाताने फोडायला गेले तर चौदाच्या चौदा बायका ओरडल्या, तोंड भाजात! (टरफलात तेल असतं, ओठ सोलून निघतात. ते मुद्दाम करत होते असं नंतर म्हणाले, मला नाही वाटत.)

त्यांनी मग काय केलं, तर नियमात जे आधीपासून आहे तेच. सीझनवाल्या धंद्याला वर्षभर एकच लिमिट न ठेवता पीक (इंग्रजीतलं, म्हणजे ऐन सीझनचं) आणि नॉन-पीक अशी दोन लिमिटं देता येतात. एप्रिल ते सप्टेंबर ३२ लाख, नंतर उतरत १८. आमचं चक्र बारा महिन्यांचं कसं हे त्यांनी स्वतः लिहून वर पाठवलं, दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा पास झालं. छप्पन नाही झाले, पण यंदा सहा वर्षांत पहिल्यांदा एका पाटलीवर भागलं, दुसरी हातात होती. नणंदेच्या मुलीच्या हळदीला मी ती सारखी पुढे मागे करत होते असं घरचे म्हणतात.

परवा बाजारात शेजारच्या काकी भेटल्या. "काय गो, गावला काय कर्ज?" म्हटलं गावला, पण साहेब चालले. बदली, तीन वर्षं व्हायच्या आधीच, प्रमोशनवर. लिमिट दरवर्षी रिन्यू व्हायचं असतं आणि ते मार्चमधे येईल तेव्हा खुर्चीत दुसरं कोणीतरी असणार, ज्याने काजू फक्त कतलीत बघितलेला असेल. साहेब म्हणाले मी नोट ठेवून जातो फाईलला. ठेवली पण असेल. पण बी कानाशी हलवल्यावर कशी वाजायला हवी ते नोटमधे कसं लिहिणार?

नवे साहेब सोमवारी रुजू होतायत. नवऱ्याला सांगून ठेवलंय, दोन गोण्या दाराशीच उघड्या ठेव, आणि त्यांना चहाबरोबर डब्ल्यू २४० द्यायचे, तुकडा नाही.